वाचक विचारतात: बॉब प्रॉबर्टसाठी लोक अजून का हळहळतात?

प्रश्न: माझा मुलगा अकरावीला आहे, क्लासवरून आला की रात्री मोबाईलवर आइस हॉकीतल्या जुन्या मारामाऱ्या बघत बसतो. बॉब प्रॉबर्ट नावाचा कॅनडाचा प्लेअर त्याचा हिरो आहे. मी शोधून वाचलं तर हा माणूस कोकेनच्या केसमध्ये जेलमध्ये गेलेला, दारूही प्यायचा, आणि तरी तिकडचे लोक त्याची आठवण काढून हळहळतात. मुलाला काय सांगू?
– एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, मोबाईल काढून घेऊ नका. मुलाला अर्धीच गोष्ट माहितीये, उरलेली तुम्ही सांगा.

प्रॉबर्ट १९६५ चा, विंडसरचा. विंडसरमधून नदी ओलांडली की पलीकडे अमेरिकेतलं डेट्रॉइट, तिथल्याच रेड विंग्स टीममध्ये तो मोठा झाला. वडील पोलीस होते, हा १७ वर्षांचा असताना ते गेले. टीममध्ये त्याचं काम एन्फोर्सरचं, म्हणजे आपल्या स्टार प्लेअरला कोणी मुद्दाम ठोकलं की ग्लोव्ह्ज टाकायचे आणि त्याला जाऊन भिडायचं. रेफरी लगेच मध्ये पडत नाहीत, दोघांपैकी एक खाली पडेपर्यंत बहुतेक वेळा थांबतात, मग दोघांना ५ मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात. स्टीव्ह आयझरमनसारखा कौशल्याने खेळणारा स्टार प्लेअर मोकळा खेळू शकला त्यात प्रॉबर्टचा वाटा मोठा, हे डेट्रॉइटचे लोक विसरलेले नाहीत.

आणि तो नुसता मारामारी करणारा पण नव्हता, हे क्लिपमध्ये दिसत नाही. १९८७-८८ च्या सीझनमध्ये ३९८ पेनल्टी मिनिटं, आणि त्याच सीझनला २९ गोल! ऑल-स्टार मॅचला निवड झाली त्याची. अख्ख्या करिअरमध्ये ९३५ मॅच, १६३ गोल, ३,३०० पेनल्टी मिनिटं. हिशेब केला तर ५५ तास तो माणूस त्या बॉक्समध्ये बसलेला होता.

दारू मात्र आधीपासूनच होती, मग कोकेन आलं. मार्च १९८९ मध्ये डेट्रॉइट-विंडसरच्या बॉर्डरवर पकडला गेला, जेल झाली, एनएचएलने, म्हणजे तिकडच्या आइस हॉकीच्या सगळ्यात मोठ्या लीगने, बंदी घातली, वर्षभराने परत घेतलं तर इमिग्रेशनच्या भानगडीमुळे बरेच दिवस कॅनडात मॅच खेळायला जाता येईना, स्वतःच्या देशात! १९९४ ला मोटरसायकलचा अपघात, डेट्रॉइट सुटलं, पुढचा सीझन व्यसनमुक्तीच्या उपचारात गेला. मग शिकागोकडून २००२ पर्यंत खेळला. टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्स या जुन्या स्टेडियममधली एनएचएलची शेवटची मॅच १९९९ ला झाली, तिथला शेवटचा गोल प्रॉबर्टचा आहे. हे मुलाला नक्की सांगा.

तुम्ही ऐरोलीच्या, ठाण्याची दहीहंडी बघितली असेलच. वरच्या बाळगोविंदाचा फोटो पेपरात येतो, पहिल्या थरात उभं राहिलेल्या पोराच्या खांद्याचं, गुडघ्याचं पुढे काय झालं हे विचारायला कोणी जात नाही. प्रॉबर्टचं मला तसंच वाटतं. सगळ्यांना राखायचं काम त्याचं, त्याला राखायचं काम कोणाच्याच यादीत नाही. उपचार झाले, अनेकदा झाले, पण बाहेर आला की परत तेच काम, तेच डोक्यावर ठोसे.

५ जुलै २०१० ला लेक सेंट क्लेअरवर बोटीत घरच्यांबरोबर असताना छातीत दुखायला लागलं आणि तो गेला. वय ४५, मागे बायको आणि चार मुलं. मेंदू अभ्यासाला द्यायचा हे त्याने जिवंतपणीच बायकोला सांगून ठेवलेलं. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी तपासला तर सीटीई निघाला, म्हणजे डोक्याला परत परत मार बसून मेंदूची हळूहळू होणारी झीज. ही झीज माणूस गेल्यानंतरच खात्रीने कळते. शेवटच्या काही वर्षांत विसरायला व्हायचं, पटकन संतापायचा, असं बायकोने नंतर सांगितलं. ठोशांमुळेच व्यसन लागलं असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण ज्या मारामाऱ्या बघून स्टेडियम उभं राहायचं त्या त्याच्या डोक्यात जमा होत होत्या, हे खरंय.

रेड विंग्सचं जुनं स्टेडियम २०१७ मध्ये बंद झालं तेव्हा घरच्यांनी त्याच्या थोड्या अस्थी तिथल्या पेनल्टी बॉक्समध्ये टाकल्या. लोक का हळहळतात म्हणालात ना, हे वाचून मला तरी उत्तर मिळालं.

मुलाला प्रॉबर्ट वाईट होता असं सांगू नका, ते खोटं होईल आणि तो ऐकणारही नाही. त्याच्याबरोबर बसून एक क्लिप बघा आणि विचारा, या माणसाचं पुढे काय झालं माहितीये का?

प्रश्न: माझा भाऊ कबड्डी खेळायचा, गुडघा गेला, खेळ सुटला, आता रोज पितो. कोणाचं ऐकत नाही. कुठे जाऊ?
– एक बहीण, कळवा

उत्तर: आधी एक महत्त्वाचं. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतं. ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जाऊन विचारता येईल, पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसन सोडवायचंच काम करतंय. भाऊ यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जा, घरच्यांनी काय करायचं हे पण तिथे सांगतात. आणि त्याच्या जुन्या टीममधल्या कोणाला तरी घरी बोलवा, दारूचा विषय न काढता, नुसतं भेटायला.