फिटची गोळी संपली तर पहिले दोन दिवस फसवे असतात

ताई, सासऱ्यांना फिटसाठी फेनोबार्बिटोन चालू आहे, दिवसभर पेंगतात म्हणून गोळी अर्धी करू का, आणि नाहीतरी दुकानात संपलीच आहे तर चार दिवस नाही दिली तर चालेल का, असं विचारलंत. वाचून पोटात गोळा आला. आमच्या बाबांना हीच गोळी बरीच वर्षं होती. मी डॉक्टर नाही, डोस सांगणार नाही. पण चार दिवस थांबायचं मनातून काढा आणि ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन लावा.

आमचं असं झालं. गणपती तोंडावर आलेले. जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या औषधखिडकीवर गेलो (नाव घेत नाही, अजून तिथेच जावं लागतं). "साठा नाय, पुढच्या सोमवारी बघा." मधल्या दिवसांचं काय, विचारलं तर म्हणे, "दोन दिवसांत काय्येक होणा नाय." लिहून देणारे डॉक्टर त्याच इमारतीत वर बसलेले. चिठ्ठी वर पाठवून तोवर दुसरं काय द्यायचं, एवढं विचारायला काय जात होतं? पण नाही. खिडकी बंद, जेवायची सुट्टी. वर गेलो तर आतली बाई म्हणाली, केसपेपर नवीन काढा, तो उद्या सकाळी मिळेल. बाजारातली मेडिकलं पालथी घातली, कुणाकडेच नाही. गुंगीच्या औषधांच्या १९८५ च्या कायद्यात ही गोळी येते, नोंदी ठेवाव्या लागतात, त्यामुळे लहान दुकानदार ती ठेवायला नाखूश असतात. त्यात घाटातून येणारा माल पावसाने अडकलेला.

आणि गंमत बघा, दोन दिवस खरंच काही झालं नाही. उलट बाबा तरतरीत. पडवीत बसून मोदकांसाठी नारळ खवले. घरातले म्हणायला लागले, बघा, गोळीच जास्त होती.

ही गोळी अंगातून फार सावकाश उतरते. मोठ्या माणसात निम्मी उतरायलाच साधारण तीन-चार दिवस जातात, म्हातारपणी त्याहून जास्त. म्हणजे सुरुवातीला जुन्या साठ्यावरच गाडी चालते आणि सगळ्यांना वाटतं, काही बिघडलं नाही. बाबांना फिट आली ती त्यानंतर, आणि एक थांबते न थांबते तोच दुसरी, मधे शुद्धच नाही. खांदा निखळला. १०८ बोलवली, पुढे मोठ्या हॉस्पिटलात इंजेक्शनं. खांदा शेवटपर्यंत नीट वर गेला नाही. त्या खिडकीवर कुणी चौकशीलाही आलं नाही, येणार तरी कोण म्हणा.

तुमच्या पेंगण्याच्या प्रश्नालाही हेच लागू आहे. डोस वाढवला की पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात, गोळी हळूहळू साठत जाते. म्हणून महिन्याभरात काही बदललं का ते आठवा. सोबत सोडियम व्हॅल्प्रोएट (फिटचंच दुसरं औषध) सुरू झालं असेल तर फेनोबार्बची रक्तातली पातळी चढते. सर्दीच्या काही गोळ्या, कफ सिरप, झोपेची गोळी, आणि हो, संध्याकाळची 'थोडीशी', सगळ्यांची गुंगी एकावर एक चढते आणि श्वास मंदावू शकतो. माणूस हलवून उठत नसेल, श्वास जड वाटत असेल तर तडक दवाखाना. नुसतं पेंगत असतील तर डॉक्टरांना सांगून रक्तातली पातळी तपासून घ्या. कमी करायची झालीच तर तेच टप्प्याटप्प्याने करतील. एक डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन देऊ नका.

पाकीट नीट बघा. गार्डिनल (ह्याच गोळीचं एका कंपनीचं नाव) ३० मिलिग्रॅमची असते आणि ६० चीही. सुट्ट्या गोळ्या कागदाच्या पुडीत घेऊच नका, पट्टी मागा.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (चिखलपाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देतात. फेनोबार्बमुळे ते अंगातून लवकर उतरतं. सासरे शेतात उतरत असतील तर देणाऱ्याला आधी फिटच्या गोळीचं सांगा. रक्त पातळ करायच्या गोळीचंही तसंच. ही यादी मी केसपेपरच्या पाठीमागेच लिहून ठेवायचो, नाहीतर दर वेळी नवा डॉक्टर नव्याने विचारणार.

देवाला गाऱ्हाणं घालायचं तर घाला, माझी आई घालायची, माझी ना नाही. पण कुणी म्हणालं आता देव बघेल, गोळी सोडा, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. फिट आली तर कुशीवर करा, तोंडात चमचा-पाणी काही नको, चप्पल हुंगवणं तर नकोच. पाच मिनिटांवर गेली की १०८. विहिरीवर एकटं नको, माडावर चढणं बंद, न्हाणीला आतून कडी नको.

आता आजचं. फोनवर डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: शेवटची गोळी कधी दिली आणि ती किती मिलिग्रॅमची. तेवढ्यावरून तोवर काय द्यायचं ते सांगतील. फोन लागला नाही तर जवळच्या हॉस्पिटलात रिकामी पट्टी घेऊन जा. आणि औषधखिडकीवर थांबू नका, सरळ डॉक्टरांच्या दारात जाऊन उभ्या राहा.