गुडघा बरा झाला, गोळी मात्र सुटेना

“मीच विषय काढला तर त्याच्या डोक्यात नको ते भरेल का हो?” वेदनाशामक गोळ्यांची शंका आलेल्या पालकांपैकी निम्मे तरी समुपदेशक म्हणून मला आधी हेच विचारतात. त्यांच्यासाठी एका मायलेकाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा १७ वर्षांचा, फुटबॉल खेळणारा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी ५० मिलिग्रॅम ट्रामाडॉल लिहून दिलं होतं. अफूच्या गटातलं हे औषध. दुखणं सांगून त्याने ते दोनदा पुन्हा लिहून घेतलं. शेवटच्या ३० गोळ्या ९ दिवसांत संपल्या, तेव्हा आई माझ्याकडे आली.

“ताई, गोळी त्याला ठाऊकच आहे,” मी म्हटलं. “तिच्याबद्दल घरात मोकळेपणी बोलता येतं, हे अजून ठाऊक नाही.”

काय बोलायचं ते आम्ही शब्दाशब्दाने ठरवलं: “३० गोळ्या ९ दिवसांत संपल्या. मी रागावले नाही, घाबरलेय. त्या कशासाठी लागतात, सांगशील?” हे बोलायचं ते चालताना किंवा गाडीत, शेजारी शेजारी असताना. समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलं की मुलांना ती चौकशी वाटते. दप्तर तपासणं तर मुळीच नको. त्यातून मूल शिकतं ते फक्त नीट लपवायला.

पहिल्या तीन भेटींत मुलाचं एकच उत्तर, “गुडघा दुखतो.” मी ते खोडून काढलं नाही. चौथ्या भेटीत विचारलं, “गोळी घेतल्यावर सगळ्यात आधी काय थांबतं?”

गुडघ्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो तो उघडत होता, लावत होता. हात थांबला.

“आवाज.”

“कसला?”

“डोक्यातला. टीममध्ये परत घेतील का, पाय पुन्हा मोडेल का... रात्री सुरू होतो.”

“आणि गुडघा?”

“तो तीन आठवड्यांपूर्वीच थांबलाय.”

मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. स्वतःचं खरं कारण त्याने पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडून ऐकलं होतं. ते मी सांगितलं असतं, तर त्याने नाकारलं असतं. समुपदेशनात बोलणाऱ्याचे शब्द आपल्या शब्दांपेक्षा जास्त काम करतात, यावर माझी श्रद्धा आहे, आणि हा प्रश्न मी आता प्रत्येक मुलाला विचारते. ही औषधं शरीराच्या दुखण्यासोबत मनाची तगमगही बोथट करतात. म्हणून दुखणं किती आहे याच्याइतकंच ते कसलं आहे, हेही विचारायला हवं.

मधल्या काळात शरीरालाही सवय लागली होती. एका गोळीचं काम दोन गोळ्यांवर गेलं होतं. गोळी चुकली की जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, पोटात कळा. घरच्यांना ती सर्दी वाटली. अशा वेळी औषध एकदम बंद करायचं नसतं. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्याची गोळी तशीच सुटली. झोप सुधारायला जास्त वेळ लागला. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी उठणं आणि रात्रीची काळजी कागदावर उतरवणं उपयोगी पडलं. एक गोष्ट मी त्याला दोनदा बजावली: खंड पडला की औषध सोसायची शरीराची सवय घटते, मग पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते.

हे सगळं पहिल्या दिवशीच टाळता येतं. डॉक्टरांना विचारा, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर भागेल का? अफूच्या गटातलं औषध लागलंच, तर किती दिवस? बहुतेक तात्पुरत्या दुखण्यांना तीन दिवस किंवा त्याहून कमी पुरतात, सातच्या वर क्वचितच लागतात. पाकीट मोठ्यांनी कुलपात ठेवावं. वहीत तारीख, वेळ आणि उरलेल्या गोळ्या लिहाव्यात, आणि तेही मुलासमोर, पहिल्या गोळीपासून. शंका आल्यावर मोजायला लागलात तर तो आरोप ठरतो. उरलेल्या गोळ्या परत घेणाऱ्या औषधालयात द्याव्यात. तशी सोय नसेल तर टाकायची रीत औषधविक्रेत्याला विचारावी. “पुढे लागतील” म्हणून ठेवलेलं पाकीटच बहुतेकदा घात करतं.

घरातल्या गोळ्या संपल्या की मुलं मित्राकडून किंवा ऑनलाइन घेतात. त्या बनावट गोळ्यांत अफूच्या गटातलंच फेंटानिल असू शकतं, हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर श्वास आणखी मंदावतो. हाक मारून जाग येत नाही, श्वास अगदी हळू, घशात घुरघुर, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या: असं दिसलं की लगेच रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा औषधांचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, स्प्रे असेल तर एका नाकपुडीत मारा, दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा मारा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि जवळच थांबा, कारण नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. “झोपू दे, उतरेल” असं म्हणून दार लोटून घेऊ नका.

काही महिन्यांनी त्या मुलाची अक्कलदाढ काढायची होती. डॉक्टर लिहायला लागण्याआधीच तो म्हणाला, “ट्रामाडॉल नको, मला आधी त्रास झालाय.” आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर भागलं. आईने मला ती वही आणून दाखवली. या वेळी नोंदी त्याच्या अक्षरात होत्या.