किती ठिकाणे आणि किती मुक्काम? सहलीच्या नियोजनाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न: भाऊबीज झाल्यावर आम्ही नऊ जण सहा दिवसांसाठी कोकणात जात आहोत. भावाची मुलगी चार वर्षांची आहे आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण आणि शेवटी गोवा असा क्रम बसेल का? (सिंहगड रस्ता)

उत्तर: कागदावर बसेल, परंतु आपल्या मंडळींसाठी मी तो सुचवणार नाही. सहा दिवसांत मुक्काम पाचच होतात, आणि पाच मुक्कामांत पाच गावे घेतली की रोज सकाळी नऊ जणांच्या पिशव्या बांधणे आणि दुपारी नव्या ठिकाणी खोल्यांचा ताबा मिळेपर्यंत ताटकळणे, यातच दिवस निघून जातो. त्यात किनाऱ्याने जाणारा रस्ता अंतराने जवळचा दिसला, तरी वाटेत वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्या गाडीसह फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात, आणि सुटीच्या दिवसांत तेथे वाहनांची रांग किती असेल हे सांगता येत नाही.

त्यामुळे यंदा ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे उतरून दिवेआगरला तीन आणि हरिहरेश्वरला दोन मुक्काम करावेत. मालवण आणि गोवा यांसाठी कोल्हापूरमार्गे वेगळी सहल आखावी, आणि शक्य असल्यास जाताना एक रात्र कोल्हापुरात थांबावे. ताम्हिणीच्या वळणांवर लहान मुलांना उलट्यांचा त्रास होतो, म्हणून निघताना मुलीला भरपेट खाऊ घालू नये आणि शक्य तितक्या पहाटे निघावे.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग केवळ ओहोटीच्या वेळीच करता येतो, ही गोष्ट अनेकांना तेथे पोहोचल्यावरच समजते. किनाऱ्यावरची जुनी मंडळी तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात, आणि नियोजनापुरता तो अंदाज पुरेसा आहे. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी चतुर्थी येते. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असेल, म्हणजे प्रदक्षिणा सकाळीच उरकावी लागेल. अचूक वेळ अर्थातच स्थानिकांना विचारावी, आणि खडकांवरून चालावे लागत असल्याने आईंना त्या वाटेने नेऊ नये.

घरगुती निवास ठरवताना खोली तळमजल्यावर आहे का आणि स्वच्छतागृहात कमोड आहे का, हे दूरध्वनीवरच स्पष्ट विचारावे. हे विचारण्याचा संकोच करणारी माणसे खोलीतून समुद्र दिसतो का हे मात्र तीनतीनदा विचारतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

प्रश्न: जूनमध्ये आई-वडिलांना विमानाने लडाखला न्यायचे आहे. वडील अडुसष्ट वर्षांचे असून रक्तदाब औषधाने आटोक्यात आहे. सात दिवसांत नुब्रा आणि पँगाँग दोन्ही होतील का? (कोथरूड)

उत्तर: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे आणि लेह सुमारे 3500 मीटरवर. विमानाने गेल्यास हा फरक काही तासांत पार होतो आणि शरीराला विरळ हवेशी जुळवून घेण्यास अवधीच मिळत नाही. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्ये केवळ विश्रांतीसाठी राखून ठेवावेत, आणि ‘बरे वाटते आहे’ म्हणून दुसऱ्याच दिवशी गाडी मागवू नये, कारण त्रास पोहोचल्यानंतर कित्येक तासांनीही सुरू होऊ शकतो.

तीन हजार मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. पँगाँग सुमारे सव्वाचार हजार मीटर उंचीवर असल्याने तेथील मुक्काम मी आपल्या आराखड्यातून वगळेन; तंबूतील रात्रीचे कितीही कौतुक ऐकले असले, तरी वडिलांच्या दृष्टीने तीच या सहलीतील सर्वांत कठीण रात्र ठरेल. तिसऱ्या दिवशी लेहपेक्षा कमी उंचीवरील आल्चीला जावे. त्यानंतर प्रकृती ठीक असेल तरच नुब्राचा विचार करावा. नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली असले, तरी वाटेत पाच हजार मीटरहून उंच ‘खारदुंग ला’ ही खिंड ओलांडावी लागते. दिवस वाढवता आले, तर श्रीनगरहून कारगिलला मुक्काम करत रस्त्याने जाणे शरीराला अधिक मानवते.

निघण्यापूर्वी दोघांनीही आपल्या डॉक्टरांना भेटून रक्तदाबाची औषधे आणि उंचीवरील त्रासासाठीची गोळी यांविषयी विचारावे. शेजाऱ्यांनी घेतली म्हणून ती घेऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसल्यास सहल तेथेच थांबवून ताबडतोब लेहच्या रुग्णालयात जावे. परतीच्या विमानाचे तिकीट बदलता येण्याजोगे घ्यावे ते यासाठीच.

प्रश्न: मे महिन्यात आम्ही आठ जण रेल्वेने केरळला जाणार आहोत. आरक्षण कधी करावे? (चिंचवड)

उत्तर: 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून 60 दिवस आधी खुले होते. 10 मे रोजी निघायचे असेल तर 11 मार्च, आणि 19 मे रोजी परतायचे असेल तर 20 मार्च, अशा दोन्ही तारखा आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. परतीच्या तारखेचा विसर पडणारेच अधिक असतात. एका तिकिटावर सहाच प्रवासी घेता येतात, म्हणून दोन तिकिटे काढावी लागतील, आणि त्यांत ज्येष्ठ व मुले यांच्यासोबत प्रत्येकी एक कर्ता माणूस असावा. पुण्याहून एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेस रोज धावत नाही, तेव्हा आधी तिचे वार पाहून मग कार्यालयात रजा मागावी. तत्काळच्या भरवशावर राहू नये. ते आदल्या दिवशी उघडते आणि एका तिकिटावर चारच नावे घेते.

प्रश्न: एका पर्यटन कंपनीने युरोप सहलीसाठी आगाऊ रक्कम मागितली आहे. ती भरण्यापूर्वी काय पाहावे? (सहकारनगर)

उत्तर: प्रथम रद्द करण्याच्या अटी लेखी मागवाव्यात आणि निघण्याच्या किती दिवस आधी किती रक्कम कापली जाते, तसेच व्हिसा नाकारला गेल्यास काय होते, हे त्यांत पाहावे. त्यानंतर सांगितलेल्या किमतीत जीएसटी, व्हिसा शुल्क आणि प्रवेशशुल्के धरली आहेत का, हे विचारावे. कार्यक्रमपत्रिकेत ‘बाहेरून दर्शन’ असे लिहिलेल्या ठिकाणी आत प्रवेश नसतो, आणि हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा तत्सम’ असल्यास ते शहरापासून बरेच दूरही असू शकते. जेवणात पोळी-भाजी आहे का, ही चौकशी त्यानंतर करण्यास हरकत नाही. पैसे बँकेमार्फत भरून पावती घ्यावी.

प्रश्न: सिंगापूरला जाण्याच्या वेळी माझ्या पारपत्राची मुदत पाच महिने उरलेली असेल. चालेल का? (औंध)

उत्तर: चालणार नाही. तेथे प्रवेशाच्या वेळी किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते, म्हणून आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा, आणि विमानाची तिकिटे नवे पारपत्र हाती आल्यानंतरच काढावीत.