ज्वारी-हुरड्याचा मॉड लोकांपर्यंत कसा पोचवायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेमसाठी ज्वारीचं पीक, हुरडा भाजायची आगटी आणि पिठलं-भाकरीची कृती असा मोफत मॉड (खेळात चाहत्यांनी घातलेली भर) चार महिने खपून केला, नेक्सस मॉड्स या मॉडच्या संकेतस्थळावर टाकला, तीन आठवडे झाले तरी डाउनलोड साठच्या पुढे जात नाहीत. आता जाहिरात कुठे करू? आणि मित्र म्हणतोय की मॉडला किंमत लावून बघ, तर लावू का?

जाहिरातीचं सांगतोच. पण काल रात्री मी तुमचा मॉड उतरवून दोन तास खेळलो, त्यामुळे आधी तुमच्या पानाबद्दल बोलतो. मोफत मॉडची सगळ्यात मोठी जाहिरात त्याचं पानच असतं. ते अर्धवट असताना बाहेर कितीही ओरडलं तरी आलेला माणूस दारातूनच परत जातो.

पहिलं चित्र बघा. सोळा बाय सोळा पिक्सेलचं कणीस तुम्ही ताणून मोठं केलंय, त्याच्या कडा धुरकट झाल्यात. यादीतून भराभर खाली सरकणाऱ्याला तिथे फक्त पिवळट ठिपका दिसतो. आणि तुमच्या मॉडमध्ये दाखवण्यासारखं किती आहे! खेळात संध्याकाळचे सहा वाजले होते, मी बांधावर उभा होतो, आगटीतून धूर निघत होता, मागे ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. माझं आजोळ सोलापूरकडचं. पौषात गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं तळहातावर चोळून खाल्लेली आहेत, त्यामुळे मी दोन मिनिटं काहीही न करता नुसता बघत राहिलो. तेच दृश्य पहिलं चित्र म्हणून लावा. झूम वाढवून घ्या, मेनू वगैरे मध्ये येऊ देऊ नका. कणसाचं चित्र वेगळं द्यायचंच असेल तर मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’ निवडा म्हणजे पिक्सेल ठसठशीत राहतील.

मग वर्णन. सुरुवातीला तुम्ही मॉड का केला ते लिहिलंय. मला वाचायला आवडलं, पण त्याची जागा खाली. वरच्या दोन ओळींत काय मिळतं, कुठल्या ऋतूत पिकतं आणि चालू सेव्हमध्ये, म्हणजे आधीपासून खेळत असलेल्या शेतात, टाकलं तर चालेल का, एवढंच हवं. वर्णन इंग्रजीत ठेवा, नावं मात्र आपलीच. हुरडा हा हुरडाच राहू द्या, शेजारी एका वाक्यात अर्थ सांगा. फक्त ‘सोरघम’ हा शब्द कुठेतरी येऊ द्या, कारण परदेशातला खेळाडू ज्वारी शोधताना तोच टाइप करणार. कंटेंट पॅचर (खेळात नवी सामग्री घालून देणारा दुसरा मॉड) लागतो हे तुम्ही अगदी तळाशी लिहिलंय. त्यासाठी पानावर वेगळा रकाना आहे. तो भरलात की डाउनलोड दाबणाऱ्याला तिथेच सूचना मिळते. नाहीतर मॉड चालत नाही म्हणून तक्रार येते, आणि वर दिसणारी ती एकच तक्रार पुढच्या दहा जणांना परत पाठवते.

आता फाइलींमधल्या दोन गोष्टी. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मॉडची ओळख सांगणाऱ्या फाइलीत, ‘अपडेट कीज’ ही जागा रिकामी आहे. तिथे नेक्सस, मग अपूर्णविराम आणि पुढे तुमच्या पानाचा क्रमांक घाला. मग खेळ उघडताना स्मापीच्या (मॉड खेळात चालवणारा प्रोग्राम) काळ्या खिडकीत प्रत्येकाला नवी आवृत्ती आल्याचं कळेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही पिकाचा आयडी, म्हणजे खेळ ज्यावरून वस्तू ओळखतो ते नाव, नुसता ‘ज्वार’ ठेवलाय. खेळाच्या १.६ आवृत्तीपासून वस्तूंना आकड्यांऐवजी नावाचे आयडी आले, ही फार मोठी सोय झाली, पण उद्या दुसऱ्या कुणी तोच शब्द वापरला की दोन्ही मॉड भांडणार. आयडीच्या आधी मॅनिफेस्टमधला मॉडचा युनिक आयडी जोडा, आणि हे आत्ताच करा. नंतर बदललं तर लोकांनी साठवलेली ज्वारी ‘एरर आयटम’ होऊन बसते. आज साठच जण आहेत, तेव्हा पानावर ठळक सूचना देऊन बदल उरकता येईल. पाच हजार झाल्यावर कुणाकुणाला सांगणार?

परवानग्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलोय. माझा दुसरा मॉड, एका जुन्या वाड्याचा नकाशा, बऱ्यापैकी चालला होता. मी परवानग्यांमध्ये सगळीकडे नकार टिकवला होता. भाषांतर करायचं नाही, बदल करायचा नाही, माझ्यामागे कुणी दुरुस्त करायचा नाही. चोरी होईल ही भीती. १९ मार्च २०२४ ला १.६ आलं, बरेच मॉड बंद पडले, त्यात माझाही. त्या काळात घरी वडिलांचं आजारपण चालू होतं, मी चार महिने लॉगिनसुद्धा केलं नाही. परत आलो तेव्हा एका मुलीचे तीन निरोप दिसले. तिने सगळं दुरुस्त करून ठेवलं होतं आणि फक्त परवानगी मागत होती. तिसऱ्या निरोपात तिने लिहिलं होतं की आता तिने तो मॉड काढून टाकलाय. तो मॉड पुन्हा उभा राहिला नाही. मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी स्पष्ट लिहितो: भाषांतर खुशाल करा, मी दोन महिने उत्तर दिलं नाही तर दुरुस्त करून माझ्या नावासह पुन्हा टाका, फक्त विकू नका. पुढच्या मॉडचं पोर्तुगीज भाषांतर एका ब्राझिलियन मुलाने केलं आणि तिथून जेवढे खेळाडू आले तेवढे माझ्या कुठल्याच पोस्टने आणले नव्हते. म्हणून संवाद आणि वस्तूंची नावं भाषांतराच्या वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, भाषांतर करणाऱ्याला कोडला हात लावावा लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर माझं मत ठाम आहे, किंमत लावू नका. एप्रिल २०१५ मध्ये स्कायरिम या खेळासाठी स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकतचे मॉड सुरू केले होते. लोक इतके खवळले की काही दिवसांतच ती सोय मागे घ्यावी लागली. मॉड एकमेकांच्या कामावर उभे असतात. तुमची ज्वारीसुद्धा कंटेंट पॅचर आणि स्मापी करणाऱ्यांनी फुकट दिलेल्या कष्टांवर उगवली आहे. पानावर ऐच्छिक देणगीचा दुवा ठेवा, त्यात काही गैर नाही.

आता जाहिरात. स्टारड्यूच्या अधिकृत डिस्कॉर्डवर मॉडकर्त्यांची जागा आहे, तिथून सुरुवात करा, पण पहिल्याच दिवशी दुवा चिकटवू नका. आठवडाभर इतरांचे प्रश्न सोडवा, कुणाचा तरी लॉग (मॉड चालताना झालेल्या चुकांची वगैरे नोंद) वाचून द्या. मग तुमचा दुवा ओळखीच्या माणसाचा वाटतो. रेडिटवर स्टारड्यूच्या मॉडसाठी वेगळे गट आहेत. त्यांचे नियम वाचून एकच पोस्ट टाका, सोबत पेरणीपासून हुरड्यापर्यंतची वीस सेकंदांची चित्रफीत. मॉडच्या याद्या करणारे छोटे यूट्यूबर असतात, त्यांना मोजक्या शब्दांत लिहा, मोठ्या चॅनेलांच्या मागे वेळ घालवू नका. आणि ही चित्रफीत डिसेंबरमध्ये मराठी गटांमध्येही टाका, हुरड्याचे दिवस तेच. तिथले फार जण हा खेळ खेळत नसतील, पण जे खेळतात ते भाकरी खाऊन मिळणारी ऊर्जा कमी ठेवलीत म्हणून नक्की भांडायला येतील, आणि असे वापरणारे लाख मोलाचे. (माझ्याही मते ती कमी आहे.)

एक राहिलं. खात्याला दुहेरी पडताळणी आजच लावा. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडकर्त्यांची खाती हाती घेऊन त्यांच्याच नावाने घातक फाइली पसरवल्या गेल्या होत्या. मॉड लहान आहे म्हणून खातं सुरक्षित, असं होत नाही.

आयडी बदललेली आवृत्ती चढवलीत की इथेच सांगा. मी बाकी सगळे मॉड काढून, नुसत्या कंटेंट पॅचरवर ती चालवून बघतो आणि माझा लॉग पाठवतो.