ऑनलाइन दुकानासाठी फायद्याची वस्तू कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा आहे, की हाताशी पन्नास हजार रुपये आहेत, ऑनलाइन दुकान काढायचंय, पण "भरपूर मार्जिन असलेली" वस्तू सापडत नाही. मार्जिन बघून वस्तू निवडण्याची चूक मी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा. सुरुवात केली ती चपलांपासून. आमच्या चप्पल लाईनमधून ५५० ला जोड घ्यायचा आणि ९९९ ला विकायचा. एका जोडामागे ४४९ रुपये सुटणार, यापेक्षा चांगला धंदा कोणता, असं वाटलं होतं. पण खर्च वजा करत गेलो (जीएसटी बाजूला ठेवून) तेव्हा चित्र वेगळं दिसलं. कुरियर १२५, कॅश ऑन डिलिव्हरीचे ४०, खोका आणि पॅकिंग ३०, एक ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर साधारण ११०. हातात उरले १४४.

कुरियरचे १२५ का, तर वजन दोन प्रकारे धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, त्याला सहसा ५००० ने भागायचं आणि जे येईल ते किलो. हे आणि काट्यावरचं वजन यात जे जास्त, त्याचे पैसे. माझा खोका ३० बाय २० बाय १० चा, म्हणजे १.२ किलो. आत जोड पाऊण किलोचासुद्धा नाही. त्यात दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने, म्हणून बिल दीड किलोचं.

तरीही १४४ रुपये वाईट नव्हते. बुडवलं ते परत येणाऱ्या पार्सलांनी. दुकानात चप्पल घ्यायला जाल तर दुकानदार स्वतः पायात घालून बघायला लावतो आणि सांगतो, "घट्टच घ्या, चार दिवसांत चामडं सैल होतंय." हे वाक्य खोक्यातून पाठवता येत नाही. माणूस घरी पाय घालून बघतो, घट्ट लागते, परत करतो. काही जण तर दारावर आलेलं पार्सल घेतच नाहीत. एक जोड परत आला की जातानाचे १२५, येतानाचे ११५, पॅकिंग आणि जाहिरात मिळून ३८० रुपये पाण्यात. दहातले तीन परत आले तर सात जोडांचे १००८ मिळतात आणि ११४० जातात. माझे तीनच्या आसपास येत होते. पाच महिन्यांनी थांबलो. चप्पल उत्तमच होती, पण मापाची वस्तू नवख्याने घ्यायची नसते हे तेव्हा कळलं.

मग मसाल्याकडे वळलो. आमच्या गल्लीतल्या बायका दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची, सुकं खोबरं, तीळ, धणे, आणि डंकावर कुटलेलं. त्यांच्याकडून करून घेतो. ३८० रुपयांना दोनशे ग्रॅमची दोन पाकिटं. माल १९०, कुरियर ५५, खोका १०, जाहिरात ७०. पहिल्या ऑर्डरीला उरतात फक्त ५५. चपलेच्या निम्मेसुद्धा नाहीत. पण पाकीट संपलं की तोच माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर "आणखी दोन पाठवा" म्हणतो, यूपीआयने पैसे आधी देतो. तेव्हा जाहिरातीचे ७० वाचतात आणि १२५ उरतात. बंगळुरू-हैदराबादला नोकरीला गेलेल्या आपल्या लोकांना ही चव तिथल्या दुकानात सहजी मिळत नाही. माझं घर चालतं ते या दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरींवर.

दोन पाकिटं मिळून ४०० ग्रॅमच का? खोक्यासकट अर्ध्या किलोच्या आत बसतात म्हणून. आधी अर्ध्या किलोचं पाकीट होतं, ते पॅकिंगसह पुढच्या टप्प्यात जायचं आणि तेवढाच नफा कुरियरला जायचा.

मागणी कशी तपासायची? बेस्टसेलरच्या याद्या सगळेच बघतात, तिथे भाव पाडण्याची स्पर्धा आधीच लागलेली असते. त्यापेक्षा तुमच्या मनातली वस्तू जे आधीपासून विकताहेत त्यांचे एक ते तीन तारे वाले अभिप्राय वाचा. मी दोन रात्री बसून वाचले. खोबरं खवट लागतं, मीठ फार, पाकीट फुटून आलं, या तीन तक्रारी पुन्हा पुन्हा होत्या. म्हणून मी थोडा-थोडा करून घेतो, मीठ कमी ठेवतो आणि जाड झिपचं पाकीट वापरतो. शोधायच्या चौकटीत लोक कोणता शब्द टाकतात तेही बघा. आमच्या घरी या मसाल्याला नुसतं "चटणी" म्हणतात. मी तेच नाव दिलं होतं, आणि बाहेरच्यांना वाटलं ही जवसा-शेंगदाण्याची चटणी. नाव बदलल्यावर लोकांना सापडायला लागलो.

नातेवाइकांच्या "छान आहे" वर जाऊ नका. ते प्रेमाने म्हणतात, पण त्यावरून माल भरायचा नसतो. वीस पाकिटं करा, अनोळखी लोकांना पूर्ण किमतीला विका. त्यातल्या किती जणांनी आपणहून पुन्हा मागवलं तेवढंच मोजा.

परवान्यांचं आधी बघा. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयची (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेची) नोंदणी लागते, पाकिटावर तो क्रमांक, एमआरपी, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, पत्ता हे सगळं छापावं लागतं. मसाल्यासारखा करपात्र माल परराज्यात पाठवायचा तर पहिल्या विक्रीपासून जीएसटी नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो.

पन्नास हजारांतले दहा-बारा हजारच पहिल्या मालात घाला. बाकीचे राखून ठेवा, कारण पहिली वस्तू चुकण्याची शक्यता मोठी आहे आणि दुसरीसाठी पैसे लागतील. वस्तू हलकी, न फुटणारी, मापाची भानगड नसलेली आणि संपणारी असावी. शक्यतो अशी, की ती बनवणाऱ्याच्या दारात तुम्ही तासाभरात जाऊन उभे राहू शकता. मसाल्याचा एक घाणा खारट झाला होता, तेव्हा मी त्याच संध्याकाळी जाऊन तो थांबवू शकलो. दूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडून माल असता तर ते मला गिऱ्हाइकाकडून कळलं असतं.

तुम्ही कुठले ते प्रश्नात लिहिलेलं नाही. खाली गावाचं नाव आणि तिथे घरोघरी काय बनतं ते लिहा, त्यातल्या एखाद्या वस्तूचा खर्च वर मांडला तसाच तुमच्यासाठी मांडून देतो.