पोऱ्या पाच वर्षांचा झाला की माझ्याकडेच ना?

प्रश्न : ताई नमस्कार, मी रावेर तालुक्यातला, केळीची शेती आहे, वय 34. बायको दीड वर्षापासून भुसावळला माहेरी, डिव्होर्सची केस चालू आहे, पोऱ्या साडेचार वर्षांचा, तिच्याजवळच आहे. आता तिथे एक माणूस येतो म्हणे, पोऱ्यानेच फोनवर सांगितलं की काका आले होते, गाडीवर फिरवलं, माझं तर डोकंच फिरलं. मी दोघांचे फोटो मिळवून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकले, कळू तर दे सगळ्यांना. वकील म्हणतात थांबा, घरचे म्हणतात बालवाडीतून उचलून आण, बाप आहेस तू. सहा महिन्यांनी तो पाच वर्षांचा होईल, मग कायद्याने माझ्याकडेच येतो ना? अशा बाईकडे कोर्ट पोरगं ठेवेलच कसं?

उत्तर : भाऊ, आधी ते उचलून आणायचं डोक्यातून काढा. घरच्यांना म्हणा, कोर्टात तारखेला उभं तुम्ही राहणार, ते नाही. आईजवळ राहणारं लेकरू असं नेलं की ती पोलिसात जाते, हायकोर्टात हेबियस कॉर्पस टाकते, म्हणजे लेकराला कोर्टापुढे हजर करा असा अर्ज, आणि जज पहिलं विचारतात की अर्ज करायचा सोडून हे काय केलं. आणि गेटवरून ओढून नेलेल्या साडेचार वर्षांच्या पोराची काय हालत होते ते वेगळंच.

आता पाच वर्षांचं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि मग आई लिहिलंय खरं, पण तिथेच पुढे जोडलंय की पाच वर्षांच्या आतल्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे. लोक याचा अर्थ लावतात की पाचव्या वाढदिवसाचा केक कापला की पोरगं बापाच्या हवाली, तसं काही नाही हो. कलम 13 म्हणतं लेकराचं हित सगळ्यात वर, आणि ते पाचच्या आतही तसंच, नंतरही तसंच. पोराला रोज जेवू कोण घालतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, बालवाडीत कोण सोडतं, हे बघतात.

आणि तो माणूस. तुमचा राग समजतो, पण कोर्टात तुमची बायको बायको म्हणून कशी आहे आणि आई म्हणून कशी आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 2024 साली मुंबई हायकोर्टाने हेच म्हटलंय, व्यभिचार डिव्होर्सचं कारण होऊ शकतं, पण तेवढ्यावरून मुलाचा ताबा नाकारता येत नाही. पोटगीचंही तसंच, तिच्या पोटगीत तुमचे वकील तो मुद्दा काढू शकतील, पोराचा खर्च मात्र तुम्हाला चुकत नाही, तो देत राहा आणि बँकेतूनच द्या म्हणजे नोंद राहते.

मग त्या माणसाचं काहीच नाही का? आहे ना. तो दारू पिऊन येतो का, पोराला मारतो का, पोराला एकटं त्याच्यावर सोडून ती बाहेर जाते का, त्याच्यावर काही केस आहे का, असलं काही असेल तर तारखेसकट लिहून वकिलाला द्या. पोराच्या जिवाला किंवा अंगाला धोका वाटला तर थांबायचं नाही, 1098 ला फोन. पण गाडीवर फिरवलं, चॉकलेट दिलं, याला कुणी धोका म्हणत नाही. आणि खोटं काही रचू नका, मी सरळ सांगते, उलटतपासणीत ते उघडं पडतं आणि मग तुमचं खरंही कुणी ऐकत नाही.

ग्रुपवरचे फोटो, ती तुमची मोठीच चूक. तिच्या वकिलाच्या हातात आयता स्क्रीनशॉट आहे, पोराच्या आईची बदनामी करणारा बाप म्हणून. निघत असतील तर काढा, अजून टाकू नका. पोराला फोनवर काका आले होते का, कुठे बसले, काय बोलले हे विचारणंही बंद. त्याला कळतं की बाबांना ह्यातलंच ऐकायचंय, मग तो एकतर बोलायचं सोडतो नाहीतर बनवून सांगतो.

त्यापेक्षा चालू केसमध्येच हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली भेटीचा अर्ज टाका, दीड वर्षात तो टाकलेला दिसत नाही, याचंच मला नवल वाटतं. मोघम लिहू नका. दर रविवारी किती ते किती, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, सुट्टीतले अर्धे दिवस. ताब्याचा हुकूम दगडावरची रेघ नसतो, परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो, आणि तेव्हा हे नियमित भेटणंच तुमच्या बाजूने बोलेल. तुमच्याकडे कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसत असेल तर नागपंचमीनंतरचा तो रविवार आणि विसर्जनाचा सोमवार दोन्ही अर्जात घाला, प्रसादाचे रोट कुळातल्यांनीच खायचे असतात, पोऱ्या तिथे असावा ही मागणी कुठल्याही जजला समजते.