बेळगावात एकटीनं नाताळ? 25 तारखेवर सगळा भार टाकू नका

तुम्ही विचारलंय की घर वसईला, नोव्हेंबरात नोकरीसाठी बेळगावला आलात, सुट्टी फक्त 25 तारखेची, कन्नड येत नाही, ओळखीचं कोणी नाही. मग नाताळ एकटीनं कसा घालवायचा. मी श्रीरामपूरकडची. शाळेच्या नोकरीनं इथं आले आणि इथलीच होऊन बसले. कॅम्पात, म्हणजे इथल्या लष्करी छावणीच्या भागात, भाड्यानं राहून एकटीचे नाताळ मीही काढलेत, म्हणून लिहिते.

आधी एक सांगते, जे तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे पण वसईच्या गोतावळ्यात कधी वापरावं लागलं नसेल. नाताळ 25 ला संपत नाही, 25 ला सुरू होतो. आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. पुढं 26 ला संत स्तेफन, 28 ला निष्पाप बालकांचा दिवस, मधल्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण, 1 जानेवारीला देवमातेचा सोहळा, मग तीन राजे, आणि थेट प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत हा काळ चालतो. माणसांनी भरलेल्या घरात 25 चं जेवणच एवढं दांडगं असतं की पुढचं सगळं आटोपल्यासारखं होतं. एकट्या माणसानं तसं करू नये. एका दुपारवर सगळा सण टांगला की ती दुपार खायला उठते. भार पसरून द्या, आणि बेळगाव त्यासाठी फार सोयीचं गाव आहे.

सुरुवात आजच करा. खडेबाजारातून किंवा कॅम्पातून कागदी चांदणी आणा आणि रस्त्याकडच्या खिडकीत टांगा. हे सजावटीसाठी सांगत नाही. चांदणी दिसली की आजूबाजूच्यांना तुम्ही कोण ते कळतं, मग खालच्या घरातल्या अक्का जिन्यात थांबवून विचारतात, "तुमचा सण काय ओ हा? गावाकडं जायचं नाही?" इथल्या माणसांना चौकशा फार. एरवी त्याचा वैताग येतो, डिसेंबरात उपयोग होतो.

दुसरं काम पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात जाऊन नाव-पत्ता देण्याचं. नुसतं मागच्या बाकावर बसून मिस्साला हजेरी लावलीत तर एप्रिलपर्यंत कोणी विचारणार नाही, कारण कॅम्पातल्या चर्चमध्ये लष्करातली आणि बदलीवाली माणसं सारखी येत-जात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात आहे, नवीन चेहऱ्याचं इथं कुणाला अप्रूप नाही. ऑफिसात विचारा की माझा पत्ता कोणत्या वॉर्डात येतो आणि त्या वॉर्डाची कॅरोलची फेरी कधी आहे. गाता येत नसेल तरी चालतं. पेटी कुणी उचलायची, टॉर्च कुणी धरायचा, यावर दरवर्षी वाद असतो. तुम्ही टॉर्च धरा. गोठ्याच्या कामालाही हात लागतात. एका संध्याकाळी गवत पसरून आणि दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवून जेवढी ओळख होते तेवढी चार रविवारच्या नमस्कारानं होत नाही.

चर्च कुठलं, तर फातिमा कॅथेड्रल कॅम्पातच आहे; बेळगावचा धर्मप्रांत 1953 मध्ये झाला, त्याचं हे मुख्य चर्च. सेंट अँथनीही कॅम्पातच. एकोणिसाव्या शतकातलं दगडी सेंट मेरीज मात्र अँग्लिकन परंपरेतलं, तेही बघण्यासारखं आहे. 24 च्या रात्रीची वेळ आणि भाषा आधी बोर्डावर वाचून घ्या, कारण इथं मिस्साची भाषा वेळेप्रमाणे बदलते, आणि आपण मराठीच्या आशेनं जावं तर समोर कोकणी चालू असते. कोकणी तुम्हाला समजेल म्हणा. रिक्षाचं भाडं जाताना ठरवा आणि परतीचंही त्याच रिक्षावाल्याशी बोलून ठेवा. मीटर इथं शोभेला असतो. आणि शाल घ्या. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, डिसेंबरच्या रात्री वसईच्या माणसाला बाहेर उघड्यावर बसवत नाही.

आता 25 ची दुपार. सकाळची मिस्सा झाली, सगळे आपापल्या घरी गेले, खडेबाजार नेहमीसारखा उघडा, बाहेर स्कूटरवाले नेहमीसारखे चाललेत. खरी अडचण या तीन-चार तासांची. त्यावर माझं मत जरा कडक आहे: या वेळी घरी व्हिडिओ कॉल करू नका. तिकडे पानं मांडलेली असतात, फोन या हातातून त्या हातात फिरतो, प्रत्येक जण "काय जेवलीस?" एवढं विचारतो, आणि फोन ठेवल्यावर खोली आहे त्याहून रिकामी वाटते. घरच्यांशी 24 ला मिस्साला निघण्याआधी बोला, आणि आईशी 26 ला निवांत. दुपारी स्वतःसाठी नीट, वेळखाऊ काहीतरी रांधा. एकटीला एवढं कशाला, असं म्हणून मॅगी करू नका, सणाच्या दिवशी तर नाहीच. फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, तळायला घेतलेत तर दोन तास सहज जातात, आणि तळलेलं एकटीनं संपत नाही, ते कुणाला तरी द्यावंच लागतं. देण्यातली गंमत आता सांगते.

कॅम्पात गोव्याकडची घरं बरीच. त्यांच्याकडं नाताळाच्या फराळाला कुसवार म्हणतात: नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, हरभऱ्याच्या डाळीचा दोस. माझ्या पहिल्या नाताळात शेजारच्या आंटी विणलेल्या रुमालाखाली ताट झाकून घेऊन आल्या. ताट रिकामं परत करायचं नसतं हे आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक. माझ्याकडं घरचं काहीच केलेलं नव्हतं, तेव्हा बाजारातून पाव किलो कुंदा, ही बेळगावची प्रसिद्ध दुधाची मिठाई, आणून ताटात ठेवला आणि मोठ्या ऐटीत गेले. आंटी रुमाल उचलून बघतात आणि हसायलाच लागतात. "बाई, बेळगावच्या माणसाला कुंदा देतेस?" मग आत बोलावून बसवलं, चहा झाला, आणि जेवायला थांब म्हणाल्या. पुढच्या वर्षीपासून मी करंज्या देते, खसखस घालून, आमच्याकडच्या पद्धतीच्या. नेवरी आणि करंजी तशा बहिणीच, पण त्यांचं म्हणणं आमचं सारण कोरडं आणि माझं म्हणणं त्यांचं फार गोड. हा वाद आता दरवर्षी होतो. तुम्ही फुगे द्या. बेळगावात ते सहसा मिळत नाहीत, चर्चा होईल.

26 ला कामावरून सुटल्यावर, किंवा मधल्या रविवारी, टिळकवाडीत वीरसौधला जा. 1924 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं ते नाताळाच्याच आठवड्यात, 26 आणि 27 डिसेंबरला. कोर्टं-कचेऱ्या नाताळासाठी बंद असत, वकील मंडळींना सवड असे, म्हणून त्या काळी अधिवेशनं याच दिवसांत ठेवत. महात्मा गांधी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते या अधिवेशनात. लहानग्या गंगूबाई हानगल तिथं गायल्या होत्या. अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून आहे, काँग्रेस विहीर म्हणतात. जागा मोठी नाही, अर्ध्या तासात बघून होते. तिथून काँग्रेस रोडनं रमतगमत कॅम्पापर्यंत चालत या. उन्हं कलती असली की हा रस्ता शहरातला सर्वात चांगला रस्ता आहे, वाहनांचं काय ते सोडा. आणखी वेळ मिळाला तर येळ्ळूरचा राजहंसगड. वाचायची आवड असेल तर गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 चं. तिथलं सभासदत्व घ्या, मराठी माणसाला बेळगावात एकटं वाटू नये याची ती जुनी सोय आहे.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दिवसांत लॉजच्या खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते मधेच बंद होतात. घरचं कोणी भेटायला येणार असेल तर तारखा बघून बोलवा. कन्नडचं एवढं मनावर घेऊ नका. कॅम्प, टिळकवाडी, शहापूर, वडगाव, सगळीकडं मराठीवर निभावतं. पण "ऊट आयता?" एवढं शिकून ठेवा. दुपारी जेवण झालं का म्हणून विचारलं की ऑफिसातली कन्नड मंडळी लगेच डबा पुढं करतात.

31 तारीख मात्र अजिबात चुकवू नका. वसईत तुम्ही काय करता मला माहीत नाही, पण बेळगावात त्या रात्री ओल्ड मॅन जाळतात. आठवडाभर आधीपासून कॅम्पात रस्त्याकडेला हे म्हातारे विकायला उभे असतात: गवत आणि कागद भरलेले, जुनी पॅन्ट-शर्ट घातलेले, मुखवटा, डोक्यावर टोपी, काही गुडघ्याएवढे, काही दोन पुरुष उंच. पोरं महिनाभर खपून बनवतात आणि किमतीवर घासाघीस करतात. रात्री बाराला गल्लीगल्लीत सरतं वर्ष म्हणून तो पेटवतात, आणि त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असं काही राहत नाही, होळीसारखा सगळा शेजार बाहेर येतो. लहानसा म्हातारा विकत घ्या आणि इमारतीतल्या पोरांच्या हवाली करा. आत फटाके भरलेत का तेवढं विचारून घ्या आणि दोन पावलं लांब उभ्या राहा.

ऑफिसातलं कोणीतरी सांगेलच की त्या रात्री चोर्ला घाटातून गोव्याला चला, तीन तासांचा तर रस्ता. जाऊ नका. तोच विचार अर्ध्या बेळगावानं केलेला असतो आणि नवीन वर्ष घाटात ट्रकच्या मागं उजाडतं. गोवा फेब्रुवारीतही तिथंच असतो.

घरची फेरी तीन राजांच्या सणाला ठेवा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याला लागून एखादी रजा साहेबांकडून आत्ताच मागा. 25 ला इमानेइतबारे कामाच्या गावी थांबलेल्या माणसाला ती सहसा नाकारत नाहीत. रात्रीच्या मुंबईच्या बसचं तिकीटही आत्ताच काढून ठेवा, कारण नवीन वर्षाच्या आसपास खाजगी बसचे दर दुपटीला भिडतात. आणि जाताना आईला कुंदा न्या, वसईत त्याला कोणी हसणार नाही.